बिनचिठ्ठीच्या होड्या

४ फेब्रुवारी, मंगळवार

औषध कंपनीचा माणूस दरवर्षी एक डायरी देऊन जातो आणि दरवर्षी तिच्या पानांची खारू विमानं करते. यंदा मीच लिहायला घेतली, कारण आजचं कुणाला सांगण्यासारखं नाही आणि पोटात ठेवण्यासारखंही नाही.

वर्गबाईंनी शाळेत बोलावलं होतं. दुकानातून अर्धा दिवस सुट्टी काढून गेले. बाईंनी खारूचा पेपर पुढ्यात ठेवला. वर नाव, तेही तीनदा खोडून लिहिलेलं, खाली दोन-तीन ओळी आणि मग सगळा कोरा कागद.

"तोंडी विचारलं की पोपटासारखी बोलते," बाई म्हणाल्या. "लिही म्हटलं की पेन्सिलीला टोक काढायचंय, पाणी प्यायचंय, पोटात दुखतंय. हुशार आहे हो, पण आळस अंगात मुरलाय. नऊ वर्षांची घोडी झाली. घरी जरा बघा."

मी मान डोलावत राहिले. पलीकडच्या बाकावर दुसरी एक आई पाळीची वाट बघत बसली होती. तिचे कान आमच्याकडेच होते. मला बाईंपेक्षा तिचाच राग आला.

मी औषधांच्या दुकानात काम करते. कोंबडीने पाय उमटवावेत तशी डॉक्टरांची अक्षरं मी सहज लावते. मालकसुद्धा अडले की चिठ्ठी माझ्याकडे सरकवतात. आप्पा, माझे सासरे, जन्मभर टपाल खात्यात पत्रं लावायला होते. भिजलेल्या पाकिटावरचा पुसट पत्ता कुणालाही लागला नाही की आप्पांकडे यायचा, अशी त्यांची ख्याती होती. नवरा नोंदणी कचेरीत दस्तऐवज तपासतो. म्हणजे अक्षरावर जेवणारं घर आमचं, आणि पोटी ही. दिव्याखाली अंधार म्हणतात तो असा.

जेवताना नवऱ्याला सांगितलं. त्याचा घास हातातच राहिला. "त्याच्यासारखं नको व्हायला," एवढंच बोलला.

या घरात 'तो' म्हटलं की एकच. माझे थोरले दीर. मी त्यांना कधी पाहिलेलं नाही. चौदा वर्षांचे असताना वसतिगृहातून निघून गेले ते परत आलेच नाहीत. भिंतीवर फोटो नाही, कुणाच्या तोंडी नाव नाही. तरी लग्न होऊन आले तेव्हापासून मला वाटत आलंय की या घरात आम्ही आहोत त्याहून एक माणूस जास्त आहे.

८ फेब्रुवारी

आजपासून मी स्वतः तिचा अभ्यास घेते आहे. जेवणाच्या टेबलावर बसवलं. टेबल जुन्या घरातलं आहे, सासूबाई गेल्या, आम्ही या इमारतीत आलो, तेव्हा तेवढंच आणलं. त्याच्या एका बाजूला, कडेच्या खाली, कुणीतरी नखाने कोरून कोरून खोल खाच पाडली आहे. पुसताना बोटाला लागते. मी नेहमी म्हणते पॉलिश करून घेऊ, आणि आप्पा दरवेळी नको म्हणतात.

खारूने धडा उघडला आणि घडाघडा वाचला. एक चूक नाही. मला वाटलं, बाईंनी उगाच माझी अर्धी रजा घालवली. मग लक्षात आलं, पुस्तकाची दोन पानं एकमेकांना चिकटली होती, तिने दोन्ही एकदम उलटली होती, आणि मधलं पान डोळ्यांसमोर नसताना ती तेच वाचत होती. शेवटपर्यंत. बोटसुद्धा ओळींवरून फिरत होतं.

मी पुस्तक मिटलं, मध्येच उघडलं, एका शब्दावर बोट ठेवलं. "हा वाच."

ती शब्दाकडे बघत बसली. मग माझ्या तोंडाकडे. मग परत शब्दाकडे. एक पाय दुसऱ्या पायावर ठेवून उभी राहिली आणि टेबलाच्या कडेखाली हात घालून काहीतरी कुरतडायला लागली.

"नाटकं बंद कर," मी म्हटलं.

"अक्षरं थांबत नाहीत ना," ती म्हणाली.

कामचुकारांना कारणं काय कमी. मी तिला तासभर तिथेच उभी ठेवली. मध्ये आप्पा काठी टेकत आले, दारातच थबकले. त्यांच्या डोळ्यांच्या मधला पडदा गेलाय, समोरचं माणूस दिसत नाही, कडेने नुसत्या सावल्या दिसतात. टेबलाशी उभ्या असलेल्या तिच्या सावलीकडे ते कितीतरी वेळ मान तिरकी करून बघत होते. मग परत गेले. आज जेवले नाहीत, म्हणाले पोट जड आहे.

१३ फेब्रुवारी

आज तर कहर झाला.

रोज संध्याकाळी खारू आप्पांना वर्तमानपत्र वाचून दाखवते. गेल्या वर्षी त्यांची नजर गेली तेव्हापासूनचा नेम आहे. मी त्या वेळेला दुकानात असते, त्यामुळे माझ्या कानावर कधी पडलं नव्हतं. उलट बाईंना मी ठसक्यात सांगितलं होतं की आमची मुलगी रोज पेपर वाचते.

आज लवकर सुटले. चपला काढताना आवाज आला.

"काल पुलाखाली पाण्यात एक मोठं झाड येऊन अडकलं," ती वाचत होती. "पंप आणले, क्रेन आणली, कुणालाच निघेना. मग होडीवाल्याला बोलावलं. तो काठावर बसून नुसता बघत राहिला. मग म्हणाला, ही फांदी आधी कापा. ती कापली आणि झाड आपलं आपण सुटून गेलं. साहेब म्हणाले, इथे सही करा, बक्षीस देतो. तर तो म्हणाला, मला काम आहे, आणि निघून गेला."

"कुठे गेला, लिहिलंय?" आप्पांनी विचारलं.

"दुकानात. होड्यांच्या."

मी आत जाऊन पेपर हिसकावून घेतला. पहिल्या पानावर सभेचा फोटो होता आणि अर्धं पान सिमेंटची जाहिरात. झाड नाही, पूल नाही, होडीवाला तर नाहीच. आंधळ्या म्हाताऱ्याला ही पोर वर्षभर मनाची बातमी ऐकवत होती. मी तिच्या पाठीत एक धपाटा घातला.

"मारायचं नाही तिला," आप्पा म्हणाले. त्यांचा असा आवाज मी कधी ऐकला नव्हता.

"आप्पा, तुम्हाला फसवतेय ती."

"सकाळी रेडिओवर बातम्या ऐकतो मी. मला माहीत नाही होय? माझा पेपर आहे. त्यातलं काय ऐकायचं ते मी ठरवीन."

नातीच्या लाडापुढे म्हाताऱ्या माणसांची बुद्धी चालत नाही, एवढाच मी त्यातून अर्थ काढला. नवऱ्याला सांगितल्यावर तो म्हणाला, खोटं बोलणं ही पुढची पायरी आहे, आता वेळ घालवून चालणार नाही.

१७ फेब्रुवारी

मुलांच्या डॉक्टरीणबाई दुकानात आल्या होत्या. माझी त्यांच्याशी चांगली ओळख आहे. गिऱ्हाईक नाही असं बघून मी म्हटलं, "आमच्या शेजारणीची मुलगी आहे." आणि सगळं सांगितलं. चिकटलेली पानं, थांबत नसलेली अक्षरं, कोरा पेपर.

त्यांनी ऐकून घेतलं. "शेजारणीला सांगा, याला डिस्लेक्सिया म्हणतात. असू शकतो, तपासावं लागेल. मुलगी आळशी नसते, मठ्ठ तर मुळीच नसते. तिच्या मेंदूची अक्षर धरायची रीत वेगळी असते. शिकवायची रीत बदलली की येतं वाचायला. हे पुष्कळदा घराण्यात असतं. शेजारणीच्या घरी आणखी कुणी होतं का असं?"

"छे," मी म्हटलं. "चांगलं शिकलेलं घर आहे."

त्या हसल्या नाहीत. "शिकलेल्या घरांतच उशिरा कळतं," म्हणाल्या. "शेजारणीला शनिवारी पाठवा. पोरीला घेऊन."

मी मेंदूबिंदू ऐकूनच गार झाले होते. घरी येईपर्यंत रागच आला. डॉक्टरांना काय, हातात हातोडा असला की सगळे खिळेच दिसतात. मेंदूत बिघाड असलेली मुलं मी बघितली आहेत, त्यांच्या आया औषधं न्यायला येतात. खारू तशी नाही. ती कुठल्याही कुलपाची किल्ली नुसत्या हाताने ओळखते.

१८ फेब्रुवारी

नवऱ्याला सांगायचं नव्हतं, तरी सांगितलं. तो म्हणाला, "एकदा कागदावर आलं की शिक्का पुसत नाही. उद्या तिचं लग्न जमवताना हा कागद कोण कोण वाचेल, याचा विचार केलास?" मग त्याने नणंदेला फोन लावला. ती तिकडून इतक्या जोरात बोलत होती की मला फोन हातात न घेताच ऐकू येत होतं. "आपल्या घरात असलं काही नाही आणि कधी नव्हतं. बाहेर बोलू नका म्हणावं तिला. आमच्याही मुली उजवायच्या आहेत."

कधी नव्हतं, हे तिने दोनदा म्हटलं. विचारलं नव्हतं कुणी.

मुलींच्या वसतिगृहाची शाळा आहे, गाडीने अर्ध्या दिवसावर. शिस्तीसाठी नाव आहे तिचं. पहिल्या मार्चला बघायला जायचं ठरलं. मीही हो म्हटलं. मलाच तिच्याकडे बघून धडकी भरते हल्ली. आणि खरं सांगायचं तर बाईंचं बोलावणं आलं की ते ऐकायला मी नसेन, याचं बरंही वाटलं.

आप्पांना सांगितलं तेव्हा ते म्हणाले, "कुठे?" मी परत सांगितलं. त्यांनी परत विचारलं, "कुठे?" वयाने कानही गेले वाटतं.

२३ फेब्रुवारी, रविवार

खारूने आप्पांच्या पलंगाखालचा बिस्किटांचा जुना डबा काढून न्हाणीघरात नेला आणि टपात होड्या सोडल्या. लाकडाच्या सात-आठ होड्या आहेत, तळहाताएवढ्या. काम असं की बघत राहावं. एकही खिळा नाही, एकात एक बसवलेले तुकडे, आणि पाण्यात सोडली की एकही कलत नाही. पहिल्या एक-दोन ओबडधोबड आहेत, मग हात सुधारत गेलेला दिसतो.

नवरा दाराशी आला, टपात बघितलं आणि जागच्या जागी थांबला. "आईची अडगळ आहे ती. टाकून दे," म्हणाला आणि बाहेर जाऊन गॅलरीत उभा राहिला.

आप्पांनाच विचारलं, या कुणी केल्या. ते म्हणाले, "टपालाने यायच्या. वर्षाला एक. ती होती तोवर. नाव नाही, गाव नाही, आत चिठ्ठी नाही. ती म्हणायची, त्याच्याच आहेत. वेडी होती. दरवेळी पत्ता वेगळ्या माणसाच्या हातचा असायचा. एकदा वळणदार, एकदा ठसठशीत, एकदा एखाद्या कारकुनाचा. मी लाखो अक्षरं बघितली आहेत. त्याचं अक्षर मी झोपेत ओळखलं असतं. त्यातलं एकही त्याचं नव्हतं."

"मग कोण पाठवायचं?"

"कुणीतरी. चुकून. टपालात चुका होतात."

"अजून येतात?"

"आपण इकडे आलो ना," आप्पा म्हणाले. "टपाल कचेरीत नवा पत्ता कळवायचा असतो. मी नाही कळवला. म्हटलं, आपल्याला कोण पाठवणार आहे."

जन्मभर दुसऱ्यांची पत्रं जागच्या जागी पोचवलेला माणूस. तरीही ते रोज सकाळी काठी टेकत खाली जातात आणि जिन्याखालच्या आपल्या पेटीत हात घालून चाचपतात. मला वाटायचं, पाय मोकळे करायला जातात.

होड्या पुसून परत डब्यात ठेवल्या. त्यातली एक अंगठ्याखाली घेतली तर तिच्या कडेला खालच्या अंगाने एक खाच होती, नखाने कुरतडल्यासारखी. सगळ्यांनाच होती. कारागिराची खूण असेल.

२६ फेब्रुवारी

आज आप्पांनी खारूला हाक मारली ती दिरांच्या नावाने. मी ते नाव या घरात पहिल्यांदा ऐकलं. आणि ती "आले" म्हणून गेली.

१ मार्च

आत्ताच परत आलो. क्रमाने लिहिते, नाहीतर गोंधळ होईल.

वसतिगृह स्वच्छ आहे. एवढं स्वच्छ की आपले पाय कुठे ठेवावेत कळेना. लांबच लांब व्हरांडा, दोन्ही बाजूंना सारख्या खोल्या, सारख्या खाटा, सारख्या चादरी. मुली शाळेत होत्या, तरी सगळीकडे कुणीतरी श्वास रोखून उभं असावं असं वाटत होतं. खारूने माझा हात सोडला नाही.

अधीक्षिकाबाई बोलायला गोड. व्हरांड्यात नियमांचा मोठा फलक होता. त्या खारूला म्हणाल्या, "वाच बघू, काय काय लिहिलंय."

खारू फलकापुढे जाऊन उभी राहिली. एक पाय दुसऱ्या पायावर. बराच वेळ गेला. मग स्पष्ट आवाजात, बोट फिरवत, तिने वाचलं: "इथे झोपताना एक दिवा चालू ठेवतात. कुणाला रडू आलं तर बाईंना सांगावं. घरचे लोक कधीही येऊ शकतात. जिला वाचता येत नाही तिला मैत्रीण वाचून दाखवील."

फलकावर यातलं काहीही नव्हतं. घंटा, दंड, आणि घरच्यांनी केव्हा यायचं नाही ते होतं.

अधीक्षिकाबाई हसल्या. "ही तर छापलेलं असून खोटं वाचते. काळजी करू नका. आमच्याकडे अशा येतात. चार महिन्यांत सुतासारख्या सरळ होतात."

मी नवऱ्याकडे बघितलं तर तो तिथे नव्हता. बाहेर पायरीवर बसला होता, दोन्ही हात गुडघ्यांत घालून. परतीच्या गाडीत खारूला झोप लागल्यावर तो बोलला. खिडकीकडे बघत.

"आप्पा रोज त्या टेबलावर शुद्धलेखन घालायचे. दोघांना. मी सहा वर्षांनी लहान. माझं बरोबर यायचं. मग त्याची वही ते माझ्याकडे तपासायला द्यायचे. तो उभा, मी खुर्चीवर, आणि मी लाल पेन्सिलीने रेघा मारायचो. एवढंसं पोर मी, मला मज्जा वाटायची. तो असाच उभा राहायचा, पायावर पाय ठेवून. त्यालाही पाठ सगळं यायचं. सायकल, घड्याळ, रेडिओ, काहीही उघडून परत जोडायचा. आप्पा म्हणायचे, हमाली करशील. मग तिकडे ठेवला. तिथल्या साहेबांनीही चार महिनेच सांगितले होते."

"मग तरीही तू खारूला—"

"त्याने एक पत्र पाठवलं नाही," नवरा म्हणाला. "आई खंगून गेली. चार ओळी नाही लिहिता आल्या त्याला? एवढा कसला राग माणसाच्या मनात?"

मलाही तेच वाटत होतं. आईला एक ओळ लिहू नये, इतकं दगडाचं काळीज कसं असतं कुणाचं.

प्रवेशाचं अजून ठरलं नाही, पण जागा धरून ठेवली आहे.

२ मार्च, रविवार

आजचं आजच लिहायला हवं.

दुपारी आम्ही सगळे टेबलाभोवती चहा पीत होतो. खारू तिचं दप्तर घेऊन आली आणि त्यातली पुस्तकं काढून बाजूला रचायला लागली. मग बिस्किटांचा डबा आणला आणि त्यातल्या होड्या एक एक करून रुमालात गुंडाळून दप्तरात भरायला लागली.

"त्या कुठे नेतेस?" मी म्हटलं.

"तिकडे. शाळेत."

"तिकडे खेळायला वेळ नसतो."

"खेळायला नाही," खारू म्हणाली. "तिकडून मला पत्र लिहिता येणार नाही ना तुम्हाला. मग मी या पाठवीन. एक एक. पत्ता मी कुणाकडूनतरी लिहून घेईन. तुम्हाला कळेल ना माझी आहे ते?"

आप्पांनी हातातली बशी खाली ठेवली. नवऱ्याने दोन्ही तळहात टेबलावर ठेवले होते आणि तो होड्यांकडे बघत होता. तो मला त्या क्षणी आठ वर्षांचा दिसला.

"कळेल ना?" खारूने परत विचारलं.

आप्पांनी हात पुढे केला, तिने त्यावर एक होडी ठेवली. त्यांनी ती चाचपली, सगळीकडून, आणि कडेच्या खालच्या खाचेशी त्यांचं बोट थांबलं. मग दुसरा हात टेबलाच्या कडेखाली गेला. तिथे जी खाच आहे तिच्यात त्यांनी बोट घातलं. असे ते बसून राहिले, एक बोट होडीत आणि एक टेबलात.

"मी नुसतं अक्षर बघत राहिलो," आप्पा म्हणाले. "आत काय आहे ते बघितलंच नाही."

ते रडले. मी त्यांना सासूबाई गेल्या तेव्हाही रडताना बघितलं नव्हतं. मीही रडले, नवराही. खारू घाबरून एकेकाकडे बघत होती, तिला वाटलं आपण काहीतरी चुकीचं वाचलं.

पत्ता एक वेळ दुसऱ्याकडून लिहून घेता येतो. आईला मनातलं सांगायचं ते कुणा परक्याच्या हाताने कसं लिहून घ्यायचं? आणि मी काल गाडीत मनातल्या मनात त्यांना दगडाच्या काळजाचे म्हटलं.

होड्या परत डब्यात गेल्या. दप्तरात पुस्तकं गेली. वसतिगृहाला कळवायचं काम नवऱ्याने उठून लगेच केलं, मी सांगायच्या आधी.

८ मार्च

डॉक्टरीणबाईंकडे गेलो. खारू, मी, नवरा आणि आप्पासुद्धा. आप्पा ऐकेनात. बाईंनी मला बघितलं, खारूला बघितलं आणि म्हणाल्या, "या. शेजारीण नाही आली?" मी मान खाली घातली.

त्यांनी विचारलं, घरात आणखी कुणाला असं होतं का. नवरा माझ्याकडे बघत होता, मी त्याच्याकडे. आप्पा म्हणाले, "माझ्या थोरल्या मुलाला," आणि नाव सांगितलं. पूर्ण नाव.

१४ मार्च

तपासणीचे तीन दिवस झाले. आहे. डिस्लेक्सिया आहे, आणि बाकी बुद्धी तिच्या वयाच्या मुलांपेक्षा पुढे. मला आनंद झाला की दुःख, अजून कळत नाही. शिकवणाऱ्या एक बाई आठवड्यातून दोनदा घेणार आहेत. मातीने, वाळूने, बोटाने अक्षरं गिरवायची. खारू म्हणाली, "म्हणजे मी ढ नाही?" तिला हा शब्द कुणी शिकवला, हे विचारायची मला हिंमत झाली नाही.

वर्गबाईंना कागद दाखवला. त्या म्हणाल्या, "हल्ली प्रत्येकाला काहीतरी निघतं. हिला जास्त वेळ दिला तर बाकीचे पालक मला विचारणार." मी म्हटलं, माझ्याकडे पाठवा त्यांना. नणंदेने फोन बंद करून ठेवलाय. ठेवू दे.

१७ मार्च

आप्पांना घेऊन जुन्या टपाल कचेरीत गेले. त्यांचा हट्टच होता. खिडकीतल्या माणसाने नम्रपणे सांगितलं की घेणारा नाही आणि पाठवणाऱ्याचा पत्ता नाही अशी पाकिटं मागच्या एका खोलीत काही महिने ठेवतात आणि मग नष्ट करतात. आप्पा म्हणाले, "माहीत आहे. दोन वर्षं मीच होतो त्या खोलीत." तरी खिडकीसमोरून हलेनात.

मग जुन्या घरी गेलो. तिथल्या बाई म्हणाल्या, हो, यायचं काहीतरी लाकडाचं, नाव आमचं नसायचं म्हणून आम्ही परत करायचो. शेवटचं कधी आलं, त्यांना आठवेना. दोन वर्षं झाली असतील किंवा चार. आमचा नवा पत्ता त्यांच्या दारामागे मी स्वतः चिकटवून आले. टपाल कचेरीतही लिहून दिला, नऊ वर्षं उशिरा.

येताना रस्त्यात सुतारकामाचं दुकान लागलं. आत रंधा चालू होता. आप्पा थांबले, कान देऊन उभे राहिले, आणि तो आवाज थांबेपर्यंत मीही त्यांना चला म्हटलं नाही.

२३ मार्च, रविवार

आज घरीच होते. संध्याकाळी मीच पेपर आप्पांच्या खोलीत नेऊन दिला. खारूने तो पलंगावर पसरला. हल्ली ती मथळ्यातला एखादा शब्द खराखुरा वाचते, घाम फुटेपर्यंत, आणि मग दमून पुढचं मनाचं सांगते. आम्ही कुणी काही म्हणत नाही. मी दाराशी कपड्यांच्या घड्या घालत बसले.

"होडीवाल्याचं काही आलंय का?" आप्पांनी विचारलं.

"आलंय ना," खारू म्हणाली. "त्याने एक मोठी होडी केलीय. माणसं बसतील अशी. त्याचे केस पांढरे झालेत. तो दुकानाच्या दारात बसलाय."

"बरा आहे?"

"बरा आहे."

मग त्यांनी तिरकी मान करून, जिथून तिची सावली दिसते तिथून तिच्याकडे बघितलं.

"त्याला आपला नवा पत्ता मिळालाय का, ते बघ."

खारूने बोट ठेवलं. एक रकाना खाली उतरली, दुसरा उतरली. पान उलटलं. सगळ्या बातम्या मनाने रचणारी ही पोर. मी हातातली घडी तशीच धरून तिच्या उत्तराची वाट बघत होते. काहीही सांग, असं मनात म्हणत होते.

"ते इथे नाही लिहिलेलं, आप्पा," ती हळूच म्हणाली.

आप्पांनी तिच्या डोक्यावर हात ठेवला.

"सावकाश बघ," ते म्हणाले. "मला घाई नाही."

तिने पहिलं पान परत समोर घेतलं आणि वरच्या ओळीवर बोट ठेवलं.